दोन टेकड्या आणि मधला सूर्य : चित्रकार पॉल नॅश



निसर्गचित्र काढा म्हटले की पहिलीपासून दहावीपर्यंतची बहुतेक मुले एकच चित्र काढतात. मागे दोन टेकड्या, त्यांच्यामधून वर येणारा सूर्य, टेकड्यांतून निघालेली नदी, काठावर एक झोपडी आणि शेजारी नारळाचे झाड. आपल्या हजीऱ्यात टेकडी नाही. इथे सपाट खारी जमीन आहे, तिवराची झाडे आहेत, तापीचे मुख आहे आणि कारखान्यांची धुराडी आहेत. तरीही मुलांच्या वहीत टेकड्या असतात आणि सूर्य हमखास त्यांच्या मधोमध उगवतो. हे चित्र कोणी मुद्दाम शिकवत नाही. मोठ्या भावंडांचे पाहून धाकटी ते उचलतात.

आज ज्या चित्रकाराची ओळख करून द्यायची आहे, त्यांनीही दोन टेकड्या पुन्हा पुन्हा काढल्या. पण त्यांच्या आयुष्यात दोन महायुद्धे आली आणि त्यांच्या चित्रांतील जमीन, झाड, सूर्य यांचे अर्थ बदलत गेले.

हा लेख लिहिण्यास एक निमित्त घडले. या वर्षी शाळेच्या चित्रकला स्पर्धेत मोठ्या गटाला युद्ध हा विषय दिला होता. युक्रेनच्या आणि गाझाच्या बातम्या मुलांनी टीव्हीवर पाहिल्या आहेत, त्यामुळे विषय कोणालाच अनोळखी नव्हता. रणगाडे, क्षेपणास्त्रे, विमाने आणि बंदूकधारी जवान यांनी कागद भरून गेले. सातवीतल्या एका मुलीने मात्र चित्रकलेच्या बाईंना विचारले, की युद्धाच्या चित्रात एकही माणूस न काढता नुसती जमीन काढली तर ते चित्र धरतील का. बाईंनी तो प्रश्न माझ्याकडे आणला. मी हिंदी माध्यमातून पदवी घेतलेला, इतिहास शिकवणारा माणूस; चित्रकलेत माझी गती बेताचीच. पण या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात मिळते, हे मला ठाऊक होते. त्यांचे नाव पॉल नॅश.

गणितात कच्चा मुलगा

पॉलचा जन्म ११ मे १८८९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील वकील होते. आईचे वडील नौदलात अधिकारी होते, त्यामुळे पॉलनेही नौदलात जावे असे घरात ठरले होते. परंतु नौदलाच्या प्रवेश परीक्षेत तो नापास झाला. गणित हा त्याचा फार कच्चा विषय होता. आईला मानसिक आजार होता. तिला मोकळी हवा मिळावी म्हणून १९०१ च्या सुमारास हे कुटुंब लंडन सोडून बकिंगहॅमशायर परगण्यातील आयव्हर हीथ या गावी राहायला गेले. तिची प्रकृती काही सुधारली नाही आणि १९१० मध्ये ती वारली.

आयव्हर हीथच्या घराभोवती एल्म जातीची उंच झाडे होती. पॉल त्या झाडांकडे माणसांकडे पाहावे तसा पाही. प्रत्येक झाडाची उभे राहण्याची ढब निराळी आणि एका झाडाचे शेजारच्या झाडाशी नाते निराळे, असे त्याला वाटे. पुढे लंडनच्या प्रसिद्ध स्लेड कलाशाळेत तो १९१० मध्ये दाखल झाला. तिथे माणसाच्या शरीराचे रेखाटन हा मुख्य अभ्यास होता आणि नेमके तेच त्याला नीट जमत नव्हते. सुमारे वर्षभरातच त्याने ती शाळा सोडली. माणूस काढता येत नाही, तर झाडे आणि जमीन काढू, असा सरळ मार्ग त्याने धरला.

१९११ मध्ये नातेवाइकांकडे गेला असताना त्याला थेम्स नदीजवळच्या दोन टेकड्या दिसल्या. त्यांचे नाव विटनहॅम क्लम्प्स. दोन्ही गोल, बुटक्या, आणि दोन्हींच्या माथ्यावर बीच वृक्षांची दाट टोपी. एका टेकडीवर इसवी सनापूर्वीच्या किल्ल्याचे मातीचे तट आजही दिसतात. पॉलला ती जागा विलक्षण भावली. १९१२ पासून त्याने या टेकड्यांची चित्रे काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याचे पहिले प्रदर्शन भरले. जलरंगात शांत निसर्गचित्रे काढणारा एक गुणी तरुण, एवढीच तेव्हा त्याची ओळख होती. महायुद्ध झाले नसते तर कदाचित ती ओळख तेवढीच राहिली असती.

ईप्रच्या चिखलात

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. सप्टेंबरमध्ये नॅश सैन्यात भरती झाले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी मार्गारेट ओडे यांच्याशी विवाह केला. मार्गारेट या स्त्रियांच्या मताधिकारासाठी काम करणाऱ्या, ऑक्सफर्डला शिकलेल्या बाई होत्या. पहिली दोन वर्षे नॅश यांची नेमणूक इंग्लंडमध्येच होती. नंतर अधिकाऱ्याचे प्रशिक्षण घेऊन फेब्रुवारी १९१७ मध्ये ते बेल्जियममधील ईप्र शहराजवळच्या आघाडीवर गेले.

ईप्रच्या परिसराशी आपल्या देशाचाही संबंध आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. नॅश तिथे पोहोचण्याच्या दोन वर्षांहून अधिक काळ आधी, १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये, हिंदुस्थानी पलटणी याच आघाडीवर लढत होत्या. तिथून दक्षिणेला, फ्रान्समधील न्यव शापेल गावी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी झालेल्या हल्ल्यात पुण्याजवळच्या खडकीहून गेलेल्या सॅपर्सच्या दोन तुकड्या होत्या. सॅपर्स म्हणजे पूल, रस्ते, सुरुंग यांचे काम करणारे सैनिक. त्या दिवशी त्यांना पायदळासारखे लढावे लागले आणि त्यांची भयंकर हानी झाली. ईप्रमध्ये मेनिन गेट नावाची मोठी स्मारक-कमान आहे. १९२७ मध्ये तिचे उद्घाटन झाले. ज्यांची प्रेते कधी ओळखता आली नाहीत किंवा सापडलीच नाहीत, अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे तिच्यावर कोरली आहेत आणि त्यांत चारशेहून अधिक हिंदुस्थानी आहेत. या कमानीतून बाहेर पडणारा रस्ता तोच मेनिन रोड. त्या रस्त्याचे नॅश यांनी काढलेले चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले.

१९१७ च्या वसंतात ही आघाडी त्यामानाने शांत होती. पडक्या भिंतींवर गवत उगवत होते, खंदकांच्या कडेला रानफुले फुलत होती. नॅश फावल्या वेळात ते सारे कागदावर उतरवत. २५ मे १९१७ च्या रात्री अंधारात ते एका खंदकात पडले आणि त्यांची बरगडी मोडली. उपचारासाठी त्यांना लंडनला पाठवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या तुकडीला हिल ६० नावाच्या उंचवट्यावर हल्ला करावा लागला आणि त्यांचे कितीतरी सोबती मारले गेले. एक पाय घसरला म्हणून नॅश वाचले.

लंडनमध्ये जून महिन्यात त्यांनी आघाडीवरची रेखाटने प्रदर्शनात मांडली. ती पाहून काही जाणकारांनी शब्द टाकला आणि सरकारने त्यांची अधिकृत युद्धचित्रकार म्हणून नेमणूक केली. नोव्हेंबर १९१७ मध्ये ते पुन्हा ईप्रला गेले. मधल्या काळात पाशेन्डेलची लढाई होऊन गेली होती. ३१ जुलैपासून १० नोव्हेंबरपर्यंत चाललेल्या त्या लढाईत तोफगोळ्यांनी जमीन अक्षरशः नांगरली गेली होती. पाण्याचा निचरा करणारे शेकडो वर्षांचे पाट फुटले, वरून पाऊस कोसळला आणि शेतांचा चिखल झाला. त्या चिखलात माणसे आणि खेचरे बुडून मेली. वसंतात पाहिलेले गवत, फुले, झाडे यांतले काहीही उरले नव्हते.

नॅश यांनी जवळजवळ झपाटल्यासारखी रेखाटने केली. कित्येकदा ते इतके पुढे जात की तोफगोळे जवळ येऊन पडत. पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्यांचा संताप दिसतो. आपण आता केवळ चित्रकार राहिलो नसून, इथे लढणाऱ्यांचा निरोप घरी सुखाने बसलेल्यांपर्यंत नेणारे दूत आहोत, अशी त्यांची भावना झाली होती.

ज्या प्रेतावर बंदी नव्हती

आता निरोप पोहोचवायचा कसा, हा प्रश्न होता. नॅश सरकारचे नोकर होते आणि सरकारला जनतेचा उत्साह टिकवायचा होता. त्यांच्याच वेळी स्लेडमध्ये शिकलेले नेव्हिन्सन यांनी तारांच्या कुंपणाजवळ पडलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांच्या प्रेतांचे चित्र काढले, तेव्हा युद्धखात्याने ते प्रदर्शनात दाखवण्यास मनाई केली. मेलेला सैनिक दाखवायचा नाही, असा दंडक होता.

मेलेली जमीन दाखवण्यावर मात्र कोणी बंदी घातली नव्हती. नॅश यांना माणूस काढणे कधी फारसे जमले नव्हते. झाडे मात्र त्यांना माणसांसारखी दिसत. म्हणून त्यांनी झाडेच काढली.

१९१८ मध्ये त्यांनी एक तैलचित्र पूर्ण केले. तैलरंग ते नुकतेच हाताळू लागले होते. हे चित्र आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. मित्रांनो, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. मागे डोंगरांसारखे तांबूस ढग. त्यांच्यावर चढत असलेला पांढरा, थंड सूर्य आणि त्याची खाली पडणारी किरणे. नदीच्या जागी खड्ड्यांत साचलेले पाणी आहे. शेताच्या जागी चिखलाचे हिरवट उंचवटे आहेत. झाडांचे फक्त काळे, तुटके बुंधे उरले आहेत. झोपडी नाही, पक्षी नाही, माणूस तर नाहीच. आपण सर्वांनी लहानपणी काढलेल्या निसर्गचित्रातली एकेक गोष्ट युद्धाने नेली आणि सूर्य तेवढा मागे राहिला, असे ते दिसते.

या चित्राचे नाव आहे, आम्ही नवे जग घडवत आहोत. युद्ध संपल्यावर नवे, चांगले जग येईल असे त्या काळी भाषणांतून सांगितले जाई. नॅश यांनी तेच शब्द त्या चिखलाखाली लिहून ठेवले.

त्याच वर्षी सरकारने त्यांना मोठे चित्र काढायला सांगितले. शहीदांच्या स्मरणार्थ एक भव्य दालन बांधायचे ठरले होते, त्यासाठी हे चित्र हवे होते. नॅश यांनी मेनिन रोड हा विषय निवडला. सुमारे सहा फूट उंच आणि साडेदहा फूट रुंद असे हे चित्र फेब्रुवारी १९१९ मध्ये पूर्ण झाले. त्यात सैनिक आहेत, पण ते अगदी लहान. रस्ता ओळखू येत नाही आणि त्या उद्ध्वस्त मैदानात वाट काढण्याची त्यांची धडपड चालली आहे. ते दालन पुढे बांधले गेलेच नाही. चित्र मात्र राहिले.

समुद्र आणि भिंत

युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले, पण नॅश यांच्या मनात ते थांबले नाही. १९२१ मध्ये त्यांची शुद्ध हरपली आणि अनेक दिवस ते रुग्णालयात होते. युद्धाचा मानसिक आघात, असे निदान डॉक्टरांनी केले. त्यानंतर हे दांपत्य इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील डिमचर्च या गावी राहायला गेले. तिथे भरतीच्या पाण्यापेक्षा जमीन खाली आहे आणि समुद्र अडवण्यासाठी लांबच लांब भिंत बांधलेली आहे. आपल्याला समुद्रकाठी राहून भरती-ओहोटीची सवय आहे, त्यामुळे त्या भिंतीचे महत्त्व समजायला कठीण जाऊ नये. नॅश यांनी तिथे अनेक वर्षे एकच विषय रंगवला : एका बाजूला चालून येणारा समुद्र, दुसऱ्या बाजूला जमीन, मध्ये भिंत. लाटा पोलादी पात्यांसारख्या धारदार आहेत. या चित्रांत तोफ नाही, खंदक नाही. तरीही पाहणाऱ्याला आघाडीची आठवण होते.

या काळात त्यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये काही काळ शिकवले. एरिक रॅव्हिलियस हे त्यांचे एक गुणी विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात तेही युद्धचित्रकार झाले आणि १९४२ मध्ये आइसलँडजवळ विमानासह बेपत्ता झाले.

अतिवास्तववाद म्हणजे काय?

ज्याला हिंदीत अतियथार्थवाद आणि मराठीत अतिवास्तववाद म्हणतात, त्या चळवळीचा जाहीरनामा आन्द्रे ब्रेतों या फ्रेंच कवीने १९२४ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केला. स्वप्ने, अंतर्मन, विचित्र योगायोग यांना या मंडळींनी कलेत मानाचे स्थान दिले. पुष्कळांना हा श्रीमंतांचा खेळ वाटतो. पण या चळवळीच्या मुळाशीही युद्ध होते. ब्रेतों यांनी पहिल्या महायुद्धात, मन बिघडलेल्या सैनिकांच्या रुग्णालयात काम केले होते. जर्मन चित्रकार मॅक्स अर्न्स्ट तोफखान्यात सैनिक होते. शास्त्र, तर्क आणि प्रगती यांचा अभिमान बाळगणाऱ्या देशांनीच एकमेकांची लाखो मुले मारली, मग या तर्कावर विश्वास का ठेवायचा, असा या तरुणांचा सवाल होता. पुढे १९३६ मध्ये स्पेनच्या यादवीची चाहूल लागताच साल्वादोर दाली यांनी स्वतःलाच फाडणाऱ्या एका राक्षसी देहाचे चित्र काढले. अर्न्स्ट यांनी १९४० ते १९४२ या काळात, पाऊस पडून गेल्यावरचा युरोप दाखवणारे एक प्रदेशचित्र रंगवले. त्यात सारा मुलूख कुजून, वितळून खडकांसारखा झाला आहे.

नॅश या चळवळीकडे ओढले गेले, पण त्यांनी राक्षस रंगवले नाहीत. त्यांना अद्भुत गोष्टी शेतातच सापडत. १९३३ मध्ये त्यांनी एव्हबरी येथील अतिप्राचीन दगड पाहिले. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी मैदानात वर्तुळाकार उभे केलेले ते प्रचंड दगड आहेत. आपल्याकडे गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला दगड असतो. तो दगडच असतो आणि तरीही येता-जाता माणसाचे हात आपोआप जोडले जातात. नॅश यांना एव्हबरीच्या दगडांमध्ये असेच काही जाणवले. १९३१ मध्ये पत्नीने त्यांना एक साधा कोडॅक कॅमेरा दिला होता. तो घेऊन ते फिरत आणि पडलेली झाडे, गारगोट्या, ओंडके यांचे फोटो काढत. दम्याने त्यांना याच वर्षांत घेरले. श्वास लागे, दूर चालवत नसे. त्यामुळे जवळच्याच वस्तूंकडे निरखून पाहण्याची सवय वाढली.

१९३६ मध्ये लंडनला अतिवास्तववादाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्याच्या संयोजन समितीत नॅश होते आणि त्यांची चित्रेही तिथे होती. त्याच सुमारास त्यांनी स्वप्नातील निसर्गदृश्य हे चित्र सुरू केले आणि १९३८ मध्ये पूर्ण केले. समुद्रकाठच्या कड्यावर एक आरसा उभा आहे. एक ससाणा आरशात आपले प्रतिबिंब पाहतो आहे. आरशातले आकाश मात्र निराळे आहे. तिथे लाल सूर्य मावळतो आहे आणि दुसरा ससाणा उडतो आहे. इंग्लंडचा तो किनारा खरा आहे. स्वप्न फक्त आरशाच्या चौकटीपुरते आहे. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू झाले.

विमानांचा समुद्र

पन्नाशीचे, दम्याने जर्जर झालेले नॅश आता आघाडीवर जाऊ शकत नव्हते. ते ऑक्सफर्डला राहायला आले. सरकारने १९४० मध्ये त्यांना हवाई खात्याशी जोडून दिले. त्या खात्याला शूर वैमानिकांची चित्रे हवी होती. नॅश मात्र पडलेल्या यंत्रांची चित्रे काढत होते. खात्याला हे रुचले नाही आणि वर्षअखेर ती नेमणूक संपली. युद्धचित्रकारांच्या समितीचे अध्यक्ष केनेथ क्लार्क यांना त्यांची किंमत ठाऊक होती. त्यांच्या पुढाकाराने समितीने हवाई युद्धावरील नॅश यांच्या चित्रांसाठी ५०० पौंड बाजूला ठेवले.

ऑक्सफर्डजवळ काउली येथे पाडलेल्या विमानांचे भंगार जमा केले जाई. खंभातच्या आखातापलीकडे, भावनगर जिल्ह्यात अलंग आहे. तिथे जहाजे मोडतात. एकेकाळी महासागर ओलांडणारे जहाज चिखलात रुतून कापले जाताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना काउलीची कल्पना येईल. नॅश तिथे कॅमेरा घेऊन गेले, फोटो काढले, रेखाटने केली. मोडक्या पंखांचे ते ढीग पाहताना त्यांना लाटा दिसू लागल्या.

या पाहण्यातून १९४१ मध्ये जे चित्र पूर्ण झाले, त्याला त्यांनी जर्मन भाषेत नाव दिले, टोटेस मेर, म्हणजे मृत समुद्र. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. चंद्रप्रकाशात विमानांचे तुटके पंख, शेपट्या आणि सांगाडे लाटांसारखे किनाऱ्यावर येऊन थांबले आहेत. काहीच हलत नाही. हलते ते फक्त एक पांढरे घुबड, उजवीकडे भंगारावरून उडत चाललेले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. काउलीच्या ढिगात ब्रिटिश विमानेही होती, पण चित्रात नॅश यांनी केवळ जर्मन विमाने घेतली. त्यांचा पक्ष ठरलेला होता. हिटलरचा पराभव व्हावा असे त्यांना मनापासून वाटे आणि आपले चित्र त्या कामी यावे असेही वाटे. पहिल्या युद्धात त्यांनी युद्धावरच राग काढला, दुसऱ्या युद्धात त्यांनी बाजू घेतली. तरीही या चित्रासमोर कोणी टाळ्या वाजवणार नाही. शत्रूच्या भंगाराकडे पाहतानाही त्यांच्या मनात शांत उदासी होती. वर्गात हे चित्र दाखवताना या दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात असे मला वाटते. देशावर प्रेम करणारा माणूससुद्धा विनाशाकडे डोळे उघडे ठेवून पाहू शकतो.

पुन्हा त्याच टेकड्या

१९४२ नंतर नॅश यांचा दमा फार वाढला. ऑक्सफर्डजवळच्या बोअर्स हिल येथे एका स्नेह्यांच्या घरी ते जात. त्या घराच्या बागेतून, दूर अंतरावर, त्यांच्या तरुणपणच्या विटनहॅमच्या टेकड्या दिसत. तिथपर्यंत चालत जाणे आता शक्य नव्हते. नॅश दुर्बिणीतून त्या टेकड्या पाहत आणि रंगवत.

१९४३ मध्ये त्यांनी वसंत संपाताचे चित्र काढले. वसंत संपात म्हणजे मार्च महिन्यातील, दिवस आणि रात्र समान असण्याचा दिवस. या चित्रात त्या दोन टेकड्या आहेत, लाल सूर्य आहे आणि त्याच आकाशात पांढरा चंद्रही आहे. अर्धा प्रदेश एकाच्या उजेडात, अर्धा दुसऱ्याच्या. युरोप जळत असताना, श्वास पुरत नसताना, या माणसाने उजेड आणि अंधार एका चित्रात समसमान मांडले. हे चित्र तेव्हाच्या ब्रिटिश राणीने विकत घेतले. १९४४ मध्ये जर्मनीवरील बाँबहल्ल्याचे चित्र त्यांनी काढले, त्यात शहर, धूर आणि आकाश नुसत्या रंगांच्या आकारांत विरघळून गेले आहे. त्यानंतर १९४५ मध्ये त्यांनी सूर्यफुले काढली. आकाशात सूर्याच्या जागी प्रचंड सूर्यफूल, खाली ओळखीचा डोंगराळ प्रदेश.

११ जुलै १९४६ रोजी, समुद्रकाठच्या बॉस्कम गावी, झोपेतच नॅश यांचे निधन झाले. ते ५७ वर्षांचे होते. बकिंगहॅमशायरमधील लँगली येथे त्यांचे दफन झाले. स्वप्नातील निसर्गदृश्य या चित्रात रंगवलेला इजिप्शियन दगडी ससाणा त्यांच्या थडग्यावर ठेवण्यात आला.

आपल्यासाठी

नववीपासून चित्रकलेचा तास बंद करून तो गणिताला द्यावा, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. गणिताची काळजी मलाही आहे आणि त्यासाठी सकाळचे जादा वर्ग चालू आहेतच. पण पॉल नॅश यांच्या आयुष्यातून मी जे शिकलो ते असे, की समोर दिसते ते नीट पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे. तो सराव झाला नाही, तर माणूस टीव्हीवर दाखवले जाईल तेवढेच युद्ध पाहतो. आठवड्यातून एक तास पाहण्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. आपल्या जवळच सुवालीचा किनारा आहे. १६१२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या पाण्यात इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली. आपल्या देशात इंग्रजांचे बस्तान बसण्याची सुरुवात ज्या घटनांनी झाली, त्यांपैकी ती एक. आज तिथे उभे राहिले तर वाळू, भरतीचे गढूळ पाणी आणि दूरवर नांगरलेली जहाजे दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत आई-वडिलांबरोबर तिथे जा. भरतीची वेळ विचारून जा आणि पाण्यात उतरू नका. तासभर बसून जे दिसेल ते काढा. धुराडी दिसली तर धुराडी काढा, तिवर दिसले तर तिवर काढा, काहीच विशेष दिसले नाही तर वाळू काढा. माणूस काढलाच पाहिजे अशी अट नाही आणि टेकड्या काढायची तर मुळीच गरज नाही. चित्रे सुट्टी संपल्यावर चित्रकलेच्या बाईंकडे द्यावीत. निवडक चित्रे पुढील अंकात छापली जातील.

– मुख्याध्यापक